'इम्पल्स' मराठीत आणताना: नवख्या भाषांतरकारांसाठी पायरी पायरीने

भाषांतराच्या कामात नव्याने आलेली मुलंमुली मला मेसेज करून विचारतात की ताई, इम्पल्सला मराठीत काय म्हणायचं, आणि मी प्रत्येकाला एकच सांगते की नुसता शब्द नको, अख्खं वाक्य पाठव, जमलं तर आधीचं आणि नंतरचं वाक्य पण पाठव. कारण हा शब्द फिजिक्समध्ये एक असतो, हृदयाच्या रिपोर्टमध्ये दुसरा, विजेच्या मीटरवर तिसरा आणि माणसाच्या मनात तर त्याची दहा-बारा रूपं होतात. कोश उघडला की पहिला शब्द मिळतो 'आवेग', तो चिकटवून आपण पुढे जातो आणि घोळ तिथेच होतो.

माझ्याकडून झालेली चूक आधी सांगते. काही वर्षांपूर्वी हृदयाच्या पेशंटसाठी एक छोटं माहितीपत्रक मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं होतं. इंग्रजीत 'इलेक्ट्रिकल इम्पल्स' होतं, मी लिहिलं 'हृदयात विद्युत आवेग निर्माण होतो आणि तो अनियमित झाल्यास त्रास होतो'. कोशाप्रमाणे बरोबर, शाळेच्या पुस्तकाप्रमाणेही बरोबर. ते पत्रक माझ्या मावशीच्या हातात पडलं, तिला नुकताच पेसमेकर बसवला होता, आणि तिने फोन करून विचारलं, "अगं, म्हणजे मी चिडले तर हे मशीन बिघडतं का?" तिच्यासाठी आवेग म्हणजे रागाचा, नाहीतर रडण्याचा. पत्रक वाचल्यापासून चार दिवस ती घरात कुणाशी मोठ्याने बोललीसुद्धा नव्हती. मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी या एका शब्दाच्या बाबतीत खूप जपून असते.

पायरी १: कोश बाजूला ठेवा आणि तीन प्रश्न विचारा

हा शब्द लॅटिनमधून आलाय, मुळात त्यात ढकलणं आहे, आतून किंवा मागून दिलेला धक्का. म्हणून वाक्य वाचल्यावर विचारायचं की कोण ढकलतंय, कशाला ढकलतंय आणि किती वेळ. ढकलणारी वस्तू आहे की मन आहे एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. आणि शब्दाच्या शेजारी बघायचं: आकडा आहे का, एकक आहे का, क्रियापद काय आहे. न्यूटन-सेकंद दिसलं तर फिजिक्स, व्होल्ट दिसलं तर इलेक्ट्रिकल, 'फील' दिसलं तर मन, 'रेझिस्ट' दिसलं तर जवळजवळ नक्की मन.

पायरी २: शेजारी आकडा असेल तर

फिजिक्सचा इम्पल्स म्हणजे बल गुणिले वेळ, एकक न्यूटन-सेकंद, आणि त्याची किंमत वस्तूच्या संवेगात जितका बदल होतो तितकीच. इथे 'आवेग' हाच शब्द वापरायचा, काही नवीन शोधायला जाऊ नका, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांत तोच आहे आणि मुलांना परीक्षेत तोच लिहायचाय. फक्त आवेग आणि संवेग यांची अदलाबदल करू नका, संवेग म्हणजे मोमेंटम, ही चूक मी चांगल्या चांगल्या लोकांच्या कामात बघितलीये. डोक्यात पक्कं बसवायचं असेल तर क्रिकेटचा कॅच आठवा. बॉल साधारण १६० ग्रॅमचा, सेकंदाला ३० मीटर वेगाने येतोय, म्हणजे संवेग ४.८. तो हातात थांबवायचा तर आवेग ४.८ न्यूटन-सेकंद लागणारच, त्यातून सुटका नाही. पण हात ताठ ठेवून ०.०२ सेकंदात थांबवला तर हातावर सरासरी २४० न्यूटन बल येतं, आणि हात मागे घेत घेत ०.१ सेकंदात थांबवला तर फक्त ४८. आवेग तोच, वेळ वाढली, हात वाचला. हे एकदा कळलं की वाक्यात 'आवेग कमी होतो' असं चुकून लिहिणार नाही, कमी होतं ते बल.

रॉकेटच्या मजकुरात 'स्पेसिफिक इम्पल्स' येतो, त्याला विशिष्ट आवेग म्हणतात, आणि तो सेकंदात मोजतात म्हणून नवखी माणसं हमखास फसतात. आपल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटचं सीई-२० हे क्रायोजेनिक इंजिन घ्या, द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजनवर चालणारं, त्याचा विशिष्ट आवेग ४४० सेकंदांच्या आसपास आहे. याचा अर्थ इंजिन ४४० सेकंद पेटतं असा अजिबात नाही. तो आकडा इंधन किती किफायतशीर वापरलं जातं ते सांगतो, गाडीच्या ॲव्हरेजसारखा. बातमीत 'इंजिन ४४० सेकंद चाललं' असं गेलं की वाचणाऱ्या इंजिनीअरचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

इम्पल्स टर्बाइनला पुस्तकात आवेग टर्बाइन म्हणतात, पण प्रत्यक्ष काम करणारी माणसं 'पेल्टन' किंवा 'इम्पल्स टर्बाइन'च म्हणतात. पाण्याचा सगळा दाब नोझलमधे वेगात बदलतो, तो झोत चाकाच्या जोडवाट्यांवर आदळतो आणि चाक फिरतं. खोपोलीचं टाटांचं १९१५ चं वीजकेंद्र याच जातीच्या टर्बाइनवर सुरू झालं, घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी पाइपातून खाली आणून. मजकूर विद्यार्थ्यांसाठी असेल तर आवेग टर्बाइन, प्लांटच्या कामगारांसाठी असेल तर त्यांचा शब्द.

आता मीटर. ही माझी आवडती जागा आहे कारण ती प्रत्येकाच्या घरात जिन्याखाली किंवा दारामागे असते. मीटरवर बारीक अक्षरात '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' असं काहीतरी छापलेलं असतं, काहींवर १६०० असतं, काहींवर ६४००, आणि शेजारी एक लाल दिवा लुकलुकत असतो. इथला इम्प म्हणजे त्या दिव्याची एक लुकलुक. ३२०० लुकलुकी झाल्या की १ युनिट. इथे आवेग लिहिलं तर कुणालाच काही कळणार नाही, मी 'लुकलुक' लिहिते, आणि टेक्निकल मजकूर असेल तर 'पल्स', कारण मीटरवाले तसंच बोलतात. घरी करून बघा: मीटर ३२०० वाला असेल तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि १,१२५ ला त्या सेकंदांनी भागा, आलेलं उत्तर म्हणजे त्या क्षणी घरात चाललेले वॅट. सगळं बंद करून फक्त ७५ वॅटचा पंखा चालू ठेवला तर बरोबर १५ सेकंदांनी दिवा लुकलुकायला हवा. २,००० वॅटचा गीझर लावला की सेकंदाला जवळजवळ दोनदा. आपण ज्या शब्दाचं भाषांतर करतोय तो डोळ्यांनी बघता येतो असं फार कमी वेळा होतं, म्हणून सांगतेय.

ट्रान्सफॉर्मरच्या टेस्ट रिपोर्टमधे 'लाइटनिंग इम्पल्स १.२/५०' आलं तर ती वीज पडल्यासारख्या झटक्याची चाचणी असते: व्होल्टेज १.२ मायक्रोसेकंदात चढतं आणि ५० मायक्रोसेकंदांपर्यंत अर्ध्यावर उतरतं. इथे 'तडित आवेग' असं जड काही करण्यापेक्षा 'विजेच्या झटक्याची चाचणी' वाचणाऱ्याला पटकन कळतं.

आवाजाच्या क्षेत्रातला 'इम्पल्स रिस्पॉन्स' मात्र मी तसाच ठेवते आणि एका ओळीत समजावते: एखाद्या हॉलमधे एकच कडक टाळी वाजवली तर हॉल तिला काय उत्तर देतो ते. विजापूरचा गोलघुमट बघून आलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. साउंडवाली मंडळी फुगा फोडून ते रेकॉर्ड करतात आणि मग कुठलाही आवाज त्या हॉलमधे वाजल्यासारखा करू शकतात.

पायरी ३: जिवंत शरीर असेल तर आधी वाचणारा कोण ते बघा

नसांमधून जाणारा इम्पल्स शाळेच्या पुस्तकात 'आवेग' आहे, त्यामुळे पाठ्यपुस्तकासाठी तोच. पेशंटसाठी मी आता 'संदेश' लिहिते, हृदयाच्या बाबतीत 'विजेचा बारीक संदेश'. संदेश म्हटलं की कुणीतरी पाठवतंय, कुठेतरी पोचतोय, मधे उशीर होऊ शकतो हे सगळं आपोआप येतं. आणि तसं खरंच घडतं: हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून, म्हणजे ठोका सुरू करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यातून, संदेश निघतो, शांत बसलेल्या माणसात मिनिटाला ६० ते १०० वेळा, मग वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या नोडवर तो क्षणभर, साधारण सेकंदाचा दहावा भाग, रेंगाळतो म्हणजे खालचे कप्पे भरायला वेळ मिळतो, आणि मग खाली पसरतो. 'आवेग रेंगाळतो' हे मराठीत बसतच नाही, 'संदेश थोडा थांबून पुढे जातो' हे बसतं.

वेगवेगळ्या नसा वेगवेगळ्या चालीने संदेश नेतात हेही लक्षात ठेवा. कॉटच्या पायाला करंगळी आपटते तेव्हा आधी नुसतं आपटल्याचं कळतं आणि ठणका मागून येतो, तो का? स्पर्शाची बातमी सेकंदाला ५० मीटरच्या आसपास पळते आणि ठणक्याची बातमी सेकंदाला २ मीटरच्याही खाली असू शकते. इंग्रजीत दोन्हीला इम्पल्सच म्हणतील, पण मराठीत वाक्य लिहिताना एक 'पळतो' आणि एक 'पोचतो' असं क्रियापद बदललं की अर्थ उजळतो.

आणि एक सापळा. डिस्चार्ज पेपरवर 'एपिकल इम्पल्स' लिहिलेलं असतं, ते विजेबद्दल नसतं! छातीवर डाव्या बाजूला, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधे, डॉक्टर हात ठेवून हृदयाचा जो ठोका बघतात तो. एकाच कागदावर एक इम्पल्स 'संदेश' आणि दुसरा 'ठोका' होऊ शकतो, आणि तसाच करायचा, एकच शब्द दोन्हीकडे वापरायचा हट्ट नको. पल्स म्हणजे नाडी हा त्याचा सख्खा भाऊ, त्याच लॅटिन मुळातून आलेला, त्यामुळे घाईत वाचताना दोघांची गफलत होते, सावकाश वाचा.

पायरी ४: मन असेल तर इथे बसून वेळ द्या

ही सगळ्यात मोठी पायरी. 'शी अ‍ॅक्टेड ऑन इम्पल्स' याचं 'तिने आवेगावर कृती केली' असं भाषांतर मी स्वतः तपासायला आलेल्या कामात वाचलंय. असं कुठलाही मराठी माणूस बोलत नाही. आपण म्हणतो 'तिच्या मनात आलं आणि तिने केलं', 'तिला राहवेना', 'काही विचार न करता तिने'. पहिला उपाय हाच, नाम शोधत बसू नका, क्रियापदाने सांगता येतंय का बघा. दहातल्या सहा-सात वेळा 'राहवलं नाही' एवढ्यात काम होतं.

नाम हवंच असेल तर आपल्याकडे खजिना आहे, पण प्रत्येकाची जागा वेगळी. लहर म्हणजे हलकं, निरुपद्रवी: लहर आली म्हणून पहाटे उठून सिंहगडावर गेले. हुक्की म्हणजे जरा आगाऊ, बघणाऱ्याला न पटणारी: भर पावसात आइस्क्रीम खायची हुक्की. खुमखुमी भांडणाची, वादाची. ऊर्मी आतून येते आणि तिला मान आहे, लिहिण्याची ऊर्मी, गाण्याची ऊर्मी, पण 'वडापाव खायची ऊर्मी' लिहिलंत तर वाचणारा अडखळतो. उमाळा मायेचा किंवा दुःखाचा. उबळ खोकल्याची. तिरमिरी रागाची, आणि तिच्यात लगेच काहीतरी घडतं, तिरमिरीत उठला आणि राजीनामा देऊन आला. सणक डोक्यात जाते. ही सगळी इंग्रजीत एकाच शब्दात कोंबलेली असतात.

यात मला एक गोष्ट हळूहळू दिसली. इंग्रजी शब्दाच्या पोटात धक्का आहे आणि आपल्या बहुतेक शब्दांच्या पोटात पाणी आहे. ऊर्मी म्हणजे संस्कृतात लाटच, लहर म्हणजे लाट, उमाळा म्हणजे जमिनीतून उसळून येणारं पाणी, मन उचंबळतं, उत्साहाला उधाण येतं, आनंदाच्या उकळ्या फुटतात. म्हणून माझा कामापुरता नियम असा: वस्तू वस्तूला ढकलत असेल तर आवेग, झटका, धक्का, मनात काही येत असेल तर पाण्याचा शब्द आधी आठवायचा. राग मात्र पाण्यात बसत नाही, त्याचे शब्द शरीराचे आहेत, सणक, तिरमिरी, डोकं फिरणं.

इम्पल्स आवरण्याचं पण असंच आहे. इंग्रजीत 'इम्पल्स कंट्रोल' म्हणतील, आपण तो अवयवाने सांगतो: हात आवरला, जीभ चावली, ओठावर आलेलं गिळलं, डोळ्यातलं पाणी मागे सारलं. खाण्याच्या, खरेदीच्या बाबतीत 'मोह आवरला नाही' हे सगळ्यात सहज. दुकानातल्या बिलाच्या काउंटरपाशी चॉकलेटं आणि छोट्या वस्तू मांडलेल्या असतात आणि त्यातलं काहीतरी उचललं जातं, त्या 'इम्पल्स बायिंग'ला मथळ्यात 'ठरवलं नव्हतं तरी घेतलं' असं लिहिलं तर चालतं, 'आवेगी खरेदी' कुणी वाचणार नाही.

जुना शब्द 'वेग' विसरू नका. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय याच विषयावर आहे. शरीराचे तेरा वेग अडवू नयेत असं तिथे सांगितलंय, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, अश्रू वगैरे, आणि लगेच पुढे मनाचे वेग दिलेत जे अडवायचे, लोभ, शोक, भय, क्रोध, ईर्ष्या असे. म्हणजे शरीराची निकड आणि मनाची उसळी या दोन्हींना एकच शब्द आपल्याकडेही होता, फक्त त्यांनी कुठला सोडायचा आणि कुठला धरायचा याची वाटणी करून ठेवली. आयुर्वेदाचा किंवा योगाचा मजकूर असेल तर 'वेग' हाच शब्द वापरा, आवेग करू नका.

पायरी ५: डॉक्टर आणि कोर्ट असेल तर शब्द मोजून

मानसिक आरोग्याच्या मजकुरात इम्पल्स आणि कम्पल्शन वेगळे ठेवा. ओसीडी (नको असलेले तेच तेच विचार आणि कृती यांचा आजार) असलेला माणूस परत परत हात धुतो ते कम्पल्शन, भीती शमवण्यासाठी करावंच लागतं असं वाटणारं, त्याला मी 'अनिवार कृती' म्हणते. गरज नसताना वस्तू उचलण्याचा आजार म्हणजे क्लेप्टोमेनिया, तो इम्पल्सच्या गटात, तिथे 'आवरता न येणारी ऊर्मी' लिहिते. 'सवय', 'खोड', 'चाळे' हे शब्द चुकूनही नकोत. ते वाचणारा स्वतः त्या त्रासातून जात असतो किंवा त्याची आई ते वाचत असते.

कोर्टाच्या मजकुरात तर एका शब्दाने माणसाचं भवितव्य फिरतं. मुंबईचा १९५९ चा नानावटी खटला बऱ्याच जणांना माहीत असतो, नौदलातल्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळी घातली तो. बचाव असा होता की तीव्र आणि अचानक प्रक्षोभामुळे तोल गेला. सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये तो मानला नाही, कारण घर सोडल्यापासून गोळी झाडेपर्यंत जवळपास तीन तास गेले होते, तेवढ्यात स्वतःला सावरायला वेळ मिळाला होता. म्हणजे इथे पहिल्या पायरीतला तिसरा प्रश्न, किती वेळ, हाच निर्णायक. म्हणून 'रागाच्या भरात' हे शब्द कायद्याच्या मजकुरात स्वतःच्या मनाने घालू नका, मूळात प्रोव्होकेशन असेल तर प्रक्षोभ, इम्पल्स असेल तर ऊर्मी, आणि 'इर्रेझिस्टिबल इम्पल्स' असेल तर 'अनावर ऊर्मी', कारण नुसती अनावर ऊर्मी हा आपल्या कायद्यात वेडेपणाइतका बचाव धरत नाहीत आणि हा फरक शब्दात दिसायलाच हवा.

पायरी ६: इतिहास, अर्थकारण आणि नावं

'गेव्ह अ‍ॅन इम्पल्स टू ट्रेड' असं आलं की बहुतेक वेळा 'चालना मिळाली'. पण आधी पुढे काय झालं ते वाचा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापूस व्यापारात पैसाच पैसा आला आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. त्याला चालना म्हटलं तर काहीतरी टिकाऊ सुरू झालं असं वाटतं, तिथे 'उधाण आलं' हेच बरोबर, उधाण ओसरतं.

नाव असेल तर हात लावू नका. हीरोने २०११ मध्ये आणलेली बाइक इम्पल्स होती, ती इम्पल्सच राहील.

पायरी ७: मोठ्याने वाचून दाखवा, आणि मग वहीत लिहा

वाचून कुणाला दाखवायचं? ज्याच्यासाठी मजकूर आहे त्यालाच. ट्रान्सफॉर्मरचा असेल तर वायरमनला, औषधाचा असेल तर घरातल्या वयस्कर माणसाला. मधे थांबवू नका, समजावून सांगू नका, फक्त शेवटी विचारा की काय कळलं. ते हृदयाचं पत्रक मी दुसऱ्यांदा केलं तेव्हा छपाईला देण्याआधी मावशीला वाचून दाखवलं. 'हृदयातून दर ठोक्याआधी विजेचा एक बारीक संदेश निघतो, तो वेळेवर निघाला नाही तर पेसमेकर तो पाठवतो.' ती म्हणाली, "असं होय, मग भांडायला हरकत नाही." 'संदेश' ठेवला, 'आवेग' पूर्ण पत्रकातून काढला.

वही साधी ठेवा. डावीकडे इंग्रजी शब्द लिहू नका, अख्खं इंग्रजी वाक्य देवनागरीत किंवा जसं जमेल तसं लिहा, उजवीकडे तुमचं मराठी वाक्य, आणि खाली एक ओळ, हे कुणासाठी होतं. माझ्या वहीत इम्पल्सची आत्तापर्यंत चार पानं झालीत आणि त्यात 'आवेग' फक्त फिजिक्सच्या आणि शाळेच्या पानांवर आहे.